लाकडी गाडीतली मागची डावी जागा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम मेधाताई बघतात. इथल्या हॉस्पिटलात त्या लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, त्यामुळे म्हाताऱ्यांशीही त्याच आवाजात बोलतात. उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "आबा, यंदा तुम्ही लिहायचंच. तुम्ही या देशात आलात ते दिवस. थंडी, एकटेपणा, गोऱ्यांनी केलेले अपमान, आईची आठवण. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

मी म्हटलं, थंडी तेव्हा होती तशी आजही आहे, खिडकी उघडून बघा. अपमान झाले, पण मीही समोरच्याचे केले, त्यामुळे हिशेबात बाकी राहिलेली नाही. आणि आईची आठवण मी माझ्यापाशी ठेवली आहे, ती छापायला द्यायची नाही. लिहीन तर कामाबद्दल लिहीन.

"चालेल की. काय काम करत होतात तुम्ही?"

"बसायचं," मी म्हटलं.

ताई म्हणाल्या, "बरं. पण आबा, थोडी थंडी घालाच."

घातली. आता कामाचं सांगतो.

मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीचे मास्तर मला पसंत पडले नाहीत. आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ, घरात होड्यांचा धंदा. मी मोठा होऊन आगबोटीवर खलाशी लागलो, आणि साउथहॅम्प्टनच्या बंदरात न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलात पडलो. बोट माझ्यासाठी थांबली नाही. बरा झाल्यावर बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या ओळखीच्या एका आगवाल्याने सांगितलं की इंग्लंडच्या मधल्या भागात, मिडलंड्समध्ये, मोटारींच्या कारखान्यात माणसं घेतात, म्हणून तिकडे गेलो. त्यांनी मला झाडू दिला आणि एका शेडमध्ये पाठवलं. तिथे नवीन गाड्या जन्माला घालायचे. दारावर पाटी होती की परवानगीशिवाय आत येऊ नये. झाडूवाल्याला परवानगी लागत नाही. मोठमोठे मॅनेजर बाहेर ताटकळायचे आणि मी आत.

माझं नाव दत्ताराम. ते त्यांच्या जिभेला जड जायचं म्हणून तिथल्या लोकांनी माझं "डच" केलं. मी हरकत घेतली नाही, कारण मीही फोरमनला मराठीत जे म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ज्या गाडीबद्दल लिहितोय तिचं नाव घेत नाही. ते नाव आता दुसऱ्याच देशातल्या लोकांनी विकत घेतलं आहे आणि त्यांच्यापाशी वकील फार. पण तुम्ही ओळखालच. आखूड, गोल डोळ्यांची, चाकं बशीएवढी. तुमच्यातल्या निम्म्या डॉक्टरांनी इथे आल्यावर पहिली सेकंडहँड गाडी तीच घेतली, आणि पावसात ती बंद पडली की रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला शुद्ध पुणेरी शिव्या दिल्या. त्या शिव्या आम्हाला लागत होत्या हे तुम्हाला माहीत नव्हतं.

छप्पन साली सुएझ कालव्याची भानगड झाली, त्यानंतर इथे पेट्रोल रेशनवर गेलं होतं. लोक अंड्याच्या आकाराच्या परदेशी तीनचाकी घेऊन फिरायला लागले होते आणि आमच्या कारखान्याच्या मालकांना ते बघवत नव्हतं. त्यांनी आमच्या शेडमध्ये नव्या गाड्या आखणाऱ्या साहेबांना सांगितलं, लहान गाडी करा, पण खरी गाडी करा. चार माणसं बसली पाहिजेत.

गाडी कशी करतात ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. तोपर्यंतची पद्धत अशी, की आधी इंजिन ठेवायचं, मग पुढे लांब नाक काढायचं, कारण लांब नाकाला वजन असतं. मग मागे सामानाची पेटी. या सगळ्यातून जे उरेल त्यात माणसांना कोंबायचं. आमच्या साहेबांनी उलटं केलं. शेडच्या फरशीवर चार खुर्च्या मांडल्या, दोन पुढे दोन मागे, त्यांवर चार माणसं बसवली आणि हातात खडू घेऊन त्यांच्याभोवती रेघ ओढली. म्हणाले, ही गाडी. आता इंजिन कुठे ठेवायचं ते इंजिनाचं बघू.

ती चार माणसं कोण, हे आता नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावर आहे. ड्रायव्हरच्या जागी स्टोअरकीपर रॉन, कारण तो जाडा होता. तो मावला म्हणजे इंग्लंड मावलं. त्याच्या शेजारी टायपिस्ट मॉरीन. रॉनच्या मागे पत्र्याचं काम करणारा लेन, कारण तो ताडासारखा उंच. मागची डावी जागा रिकामी राहिली. साहेबांनी आजूबाजूला बघितलं. सगळे कामात होते किंवा तसं दाखवत होते. मी झाडूला टेकून उभा होतो. साहेब म्हणाले, तू बस.

मी बसलो तो पुढे दीड वर्ष बसत राहिलो. बाकीच्या वेळात झाडायचो.

फरशीवरची रेघ झाल्यावर त्यांनी प्लायवुडची आख्खी गाडी केली. इंजिन नाही, काच नाही, नुसतं लाकूड, पण आत खऱ्या सीट. दारं दोनच, त्यामुळे मागे जायचं तर पुढची सीट वाकवून अंग चोरत जायचं. पहिल्या दिवशी सगळे चढले. मी बूट काढून दाराशी ठेवले आणि मग चढलो.

रॉन हसून हसून लाल झाला. कोणी म्हणालं, डच देवळात चालला. मी लक्ष दिलं नाही. ते लाकूड सकाळी मीच पुसलं होतं. माझ्या हाताने पुसलेल्यावर मी चिखलाचे बूट घेऊन चढणार? आणि आमच्याकडे नवी होडी पाण्यात जायची तेव्हा वडील पायातलं वाळूत काढून मगच होडीत पाय ठेवायचे. होडी काय, मोटार काय, ज्याच्यावर जीव सोपवून बसायचं त्याला आधी मान द्यायचा. हे इंग्रजीत सांगण्याएवढं इंग्रजी मला येत नव्हतं, म्हणून मी नुसते बूट काढत राहिलो. रोज.

साहेब मागून वाकून विचारायचे, "कम्फर्टेबल?" मी म्हणायचो, "येस सर." या देशात तोपर्यंत मला उभा राहा, सरक, इकडे ये, तिकडे जा एवढंच सांगितलं गेलं होतं. नीट बसलास का, हे विचारणारा हा पहिला माणूस. त्यावर मी नाही कसं म्हणणार?

मग इंजिनाची पाळी आली. दहा फुटांत सगळं बसवायचं होतं. उभं इंजिन म्हणजे लहान खोलीत मधोमध टाकलेला पलंग, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवणारा. साहेबांनी पलंग भिंतीला आडवा लावला. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे असतो, तो त्यांनी इंजिनाच्या खाली ढकलला, डब्याखाली डबा असतो तसा, आणि दोघांना तेल एकच. स्प्रिंगा काढून रबराचे ठोकळे घातले. चाकं इतकी लहान केली की टायरवाल्यांनी अशी चाकं कुठल्या खेळण्याला लावणार म्हणून विचारलं. अशी इकडून तिकडून वाचवलेली जागा शेवटी आमच्या गुडघ्यांपाशी यायची. आज गाडीत काय हललं ते ड्रॉइंग करणाऱ्यांच्या आधी माझ्या गुडघ्यांना कळायचं.

आणि एकदा माझ्या अंगठ्याने काम केलं. साहेबांनी पुढच्या सीट मागे सरकवल्या होत्या. लेनचे बूट लोखंडी टोकाचे, ते सीटच्या कडेला अडकले. त्याला पाय पुढेही नेता येईना आणि मागेही घेता येईना. माझे पाय मोज्यांतले. ते पुढच्या सीटखाली गुपचूप शिरले आणि मी आरामात. साहेबांनी एकदा लेनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग विजेरी घेऊन गुडघ्यावर बसले आणि सीटखाली बघायला लागले. माझ्या मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर. त्या अंगठ्याकडे ते इतका वेळ बघत होते की मला तो मागे घ्यावासा वाटला. ते म्हणाले, "हलवू नकोस." पुढच्या आठवड्यात सीटचं बूड वर उचललं होतं, खाली पाय जातील अशी मोकळी जागा.

तेव्हापासून माझं म्हणणं, ती जागा माझ्या अंगठ्यामुळे झाली. लेनचं म्हणणं, त्याच्या बुटामुळे. मी म्हणायचो, बूट अडकला म्हणजे नुसती अडचण दिसली, पाय कुठे जाऊ शकतो ते मी दाखवलं. तो म्हणायचा, अडचणच नसती तर तुझ्या घाणेरड्या मोज्याकडे कोण बघणार होतं. हे भांडण आम्ही निवृत्तीपर्यंत चालवलं, आणि त्यानंतर ख्रिसमस कार्डांवर.

गाडी निघाली. पहिल्या पावसाळी दिवसांत पहिल्या गाड्यांत पाणी शिरायचं आणि तक्रारी यायच्या की बूट भिजतात. मी शेडमध्ये म्हटलं, मी बूट का काढत होतो ते आता कळलं का. कोणी हसलं नाही.

आता या शतकात येतो.

ती गाडी बनणं बंद झालं तेव्हा सगळा देश रडला. तिचं नाव विकताना मात्र कोणी रडलं नव्हतं. नवीन मालकांनी त्याच नावाची नवी गाडी काढली. माझ्या जावयाने घेतली आहे. बाहेरून म्हशीएवढी आणि मागे बसायला जागा नाही. एवढं मोठं करून जागा घालवायची याला खरोखर हुशारी लागते. आमची शेड पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालं. मी एकदा मुद्दाम जाऊन आलो. माझी खुर्ची होती साधारण तिथेच आता सोफे ठेवले आहेत आणि लोकांना बसून बघा म्हणतात. पगार देत नाहीत.

बायको गेल्यावर मी साउथहॅम्प्टनला मुलीकडे आलो. मुलगी सुलभा हॉस्पिटलात सिस्टर, जावई अविनाश भूल देणारा डॉक्टर. नात ईशा. एका रविवारी ईशाने पेपर माझ्यापुढे धरला आणि तिच्या इथल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आबा, हा बघ, तुझा गाडी! लाकडाची आहे."

बेसिंगस्टोकच्या पलीकडे एका श्रीमंत माणसाने आपल्या जुन्या तबेल्यात मोटारींचं म्युझियम काढलं होतं. त्याला कुठल्यातरी धान्याच्या कोठारात आमची प्लायवुडची गाडी सापडली होती. कोंबड्या राहत होत्या म्हणे तिच्यात. आता साफ करून, रंग देऊन मांडणार होते. उद्घाटनाला अजून दोन महिने होते, पण बघायला आत सोडत होते.

जावयाने आम्हाला नेलं. तबेल्याच्या मधोमध, दिव्यांखाली ती उभी होती. मी दाराशी गेलो आणि आत बघितलं. आत प्लास्टिकचं कुटुंब बसवलं होतं. रॉनच्या जागी हॅट घातलेला बाप, ओठांत पाइप. मॉरीनच्या जागी डोक्याला रुमाल बांधलेली आई. लेनच्या जागी हाफपँटीतला मुलगा. आणि माझ्या जागी एक सोनेरी वेण्यांची मुलगी, मांडीवर टेडी.

पायांत सँडल. माझ्या जागेवर बसली ते बसली, सँडल घालून.

मी तिथल्या बाईला बोलावलं. फिओना तिचं नाव, वयाने तरुण, गळ्यात ओळखपत्र, बोलायला फार गोड. मी म्हटलं, ही जागा माझी आहे. ती म्हणाली, किती छान, लहानपणी तुमच्या डॅडींकडे ही गाडी होती का? मी म्हटलं, माझ्या डॅडींकडे होडी होती. मग सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली, आणि म्हणाली की त्यांच्या माहितीप्रमाणे मागे एक डच कारागीर बसायचा, त्याचा ते हॉलंडमध्ये शोध घेत आहेत.

"तो शोध थांबवा," मी म्हटलं.

तिने विचारलं, तुम्ही सांगता त्याला दुजोरा देणारं कोणी हयात आहे का. रॉन गेला, मॉरीन गेली, साहेब तर कधीच गेले. उरला लेन. म्हणजे माझी जागा मला मिळणार की नाही ते जगात एकाच माणसाच्या हातात, आणि तो लेन. गाडीत परत बसल्यावर अविनाश म्हणाले, "आबा, एका डमीवरून एवढं काय? तुम्हाला माहीत आहे ना तुम्ही होतात ते. बास झालं."

मी म्हटलं, जावईबापू, तुम्ही ऑपरेशनला भूल देता. पेशंट जागा झाला की सर्जनचे आभार मानून घरी जातो. उद्या तुमच्या खुर्चीवर कोणी टेडी घेतलेली मुलगी बसवली तर चालेल का? त्यांनी गाडी सुरू केली. सुलभा पुढे हसत होती.

लेन बेसिंगस्टोकलाच त्याच्या मुलीकडे राहतो. मी ट्रेनने गेलो. तो खुर्चीत होता, अजून उंचच, पण घडी घातल्यासारखा. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य, "डच, तू अजून आहेस?" मी म्हटलं, तुझ्या आधी जायचा माझा विचार नाही. चहा आला. मी सगळी हकीकत सांगितली. त्याला तिथे हाफपँटीतला मुलगा केलाय हे ऐकून तो खूश झाला, म्हणाला मी दिसायला चांगला होतोच. मग मी सरळ विचारलं. माझी जागा कुठली ते आठवतं का?

लेनने बिस्कीट चहात बुडवलं. "तू बसलेला मला आठवत नाही," तो म्हणाला. "मी पुढे बघायचो, तू बाजूला असायचास. पण तुझे बूट आठवतात. डाव्या दाराशी. रॉन जाडा, त्याच्या बाजूने निघता यायचं नाही, म्हणून मीही तिथूनच उतरायचो आणि रोज माझा पाय त्यांच्यात अडकायचा. एकदा मी पडलोही होतो."

"मग ते फिओनाबाईला सांग."

"सांगतो. पण सीटखालची जागा माझ्या बुटामुळे झाली, हेही सांगणार."

मी उठून यायला निघालो होतो. पण जागा महत्त्वाची होती, अंगठ्याचं नंतर बघू म्हटलं. म्हटलं, सांग काय सांगायचं ते.

त्याने फोन केला आणि फिओनाबाई एकदम बदलली. तिने मला बोलावून घेतलं. आता टेबलावर कागद, चहा, बिस्किटं. तिच्या बरोबर एक सल्लागार आला होता, त्याचं काम म्युझियममध्ये सगळ्या तऱ्हेची माणसं दिसावीत हे बघण्याचं. त्यांनी मला चित्र दाखवलं. टेडीवाली मुलगी गेली होती. तिच्या जागी गडद रंगाचा एक माणूस, डोक्याला भगवा फेटा, अंगावर शाल, मांडीवर पितळी डबा, चेहरा दुःखी.

मी विचारलं, हा कोण?

"हे तुम्ही," फिओना म्हणाली.

मी म्हटलं, मी वेंगुर्ल्याचा. फेटा मी लग्नात बांधला तोही मामाचा होता. शाल घालून कारखान्यात गेलो असतो तर ती मशीनमध्ये गेली असती आणि तिच्या मागोमाग मी. सल्लागार म्हणाला की हे प्रतीक आहे, साम्राज्यातून आलेल्या श्रमिकांचं. मी म्हटलं, मी प्रतीक नाही, मी पॅसेंजर आहे. त्याने विचारलं, त्या वेळी गाडीत बसून तुम्हाला काय वाटायचं? मी म्हटलं, गुडघे दुखायचे. हे त्याने लिहून घेतलं नाही.

आधी मी नव्हतोच, आणि आता होतो तर असा. दोन्हींत माझी जागा गेलेलीच. मी त्यांना सांगितलं, फेटेवाला बसवलात तर मी उद्घाटनाला येऊन तो स्वतः उतरवीन. कोणी डमी नको. उद्घाटनाला लेन आणि मी आमच्या जागेवर बसतो. लोकांना दिसू दे. नंतर काय ते करा.

फिओनाला ते आवडलं, पण तिथला सेफ्टीवाला घाबरला. दोन म्हातारे, दोन दारांची गाडी, लाकूड जुनं. त्याने बरेच दिवस विचार करून परवानगी दिली, पण दोघांनी चकाकणारी पिवळी जाकिटं घालायची या अटीवर. मी म्हटलं, गाडीला इंजिन नाही, चाकं फिरत नाहीत, समोरून येणार कोण? तो म्हणाला, पॉलिसी आहे.

उद्घाटनाच्या दिवशी माझ्यापाशी बरे बूट नव्हते. ईशा मला दरवर्षी नाताळला कॅनव्हासचे बूट आणते, नाचणाऱ्या पोरांसारखे. सुलभाने अविनाशचे काळे बूट दिले, त्यांनी नुकतेच इंटरव्ह्यूसाठी घेतलेले. "आबा, जपून हां," ते म्हणाले.

तबेला भरला होता. गळ्यात साखळी घातलेले मेयर आले होते. आधी लेन चढला, आपल्या मोठ्या बुटांसकट, कण्हत, सेफ्टीवाला मागून ढकलत. मग मी दाराशी वाकलो आणि जावयाचे बूट काढून शेजारी शेजारी ठेवले. सेफ्टीवाला म्हणाला, बूट घालूनच चढा. मी म्हटलं, ही गाडी मला बूट काढून बसवून केली आहे, तुमची पॉलिसी नंतर आली. लोक टाळ्या वाजवायला लागले म्हणून तो बाजूला झाला. मी शिरलो. गुडघे वाजले, पण माझे पाय पुढच्या सीटखाली गेले, जुन्या ओळखीच्या घरी जावेत तसे.

मेयर भाषणाला उभे राहिले. इंग्रज कल्पकता, जागेचा कण न कण वापरणं, वगैरे. लेन माझ्या कानाशी म्हणाला, "डच, माझा पाय अडकलाय."

मी बघितलं. बूट सीटच्या कडेखाली, टाच वर, पाय वाकडा. वयाबरोबर त्याचे बूटही जाड झाले होते.

"बूट काढ, लेन," मी म्हटलं.

"नाही काढणार."

मेयर आता साहेबांच्या द्रष्टेपणावर आले होते. मला लेनचं कळत होतं. त्याने इथे बूट काढला असता तर सगळी ख्रिसमस कार्डं फुकट गेली असती. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. पिवळ्या जाकिटात ते फार उठून दिसत होतं.

"लेन, मी कोणाला सांगणार नाही."

"तू सगळ्यांना सांगशील."

"सांगीन. पण पाय तुझा आहे."

त्याने डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली. वाकता त्याला येईना, मला येईना. मग मी माझा पाय आडवा नेला, मोज्यातला अंगठा त्याच्या टाचेच्या फटीत घातला आणि बूट खाली दाबला. बूट तिथेच राहिला आणि लेनचा पाय बाहेर आला. मेयरनी फीत कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फीत कापल्याबद्दल त्या होत्या, पण मी माझ्या वाटणीच्या घेतल्या.

लेनने माझ्या पायाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मोजे नवे घेतलेस वाटतं."

भांडणात मला एवढंच पाहिजे होतं.

आम्हाला बाहेर काढायला चौघे लागले. सेफ्टीवाल्याने हट्टाने मला चाकांच्या खुर्चीत बसवून प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, तिथून सुलभाने गाडी दाराशी आणली, आणि घरी पोचल्यावर अविनाश म्हणाले, "आबा, माझे बूट?"

फिओनाबाईचा फोन आला तो आभाराचा. डमी सगळे काढून टाकले, ती म्हणाली, आता येणाऱ्या लोकांनाच आत बसू देतात. लेनचा एक बूट सीटखाली आहे तो त्यांनी तसाच ठेवला. आणि तुमचे बूट दाराशी ठेवले आहेत, मूळ जागी. खाली लिहिलं आहे, कामगाराचे बूट, त्या काळचे.

ते बूट अविनाशने साउथहॅम्प्टनच्या हाय स्ट्रीटवरून घेतले त्याला महिनाही झाला नव्हता. त्यांचा इंटरव्ह्यू तपकिरी बुटांवर झाला. नोकरी मिळाली, तरी दर रविवारी जेवताना बुटांचा विषय निघतो. मी म्हणतो, बोलतो फिओनाशी. अजून बोललो नाही.

बोलायला गेलो होतो तसा. गेल्या महिन्यात. आत एका शाळेची सहल आली होती. त्यांच्या बाईंनी दाराशी ठेवलेले काळे बूट बघितले आणि मुलांना म्हणाल्या, बघा, आत जायचं तर बूट काढायचे असणार. आणि त्या पोरांनी, इंग्रज, सोमाली, पंजाबी, सगळ्यांनी, जावयाच्या बुटांशेजारी आपले बूट ओळीने लावले आणि एकेक करून चढले.

मी दाराशी गेलो. माझ्या जागेवर एक मुलगी बसली होती, सोनेरी वेण्यांची, खरीखुरी. पायांत मोजे. मी वाकून साहेबांच्या आवाजात विचारलं, "कम्फर्टेबल?"

तिने गुडघे जरा हलवून बघितले. "नॉट रिअली," ती म्हणाली.

मला साहेबांची आठवण झाली. ही पोरगी तेव्हा हवी होती, गाडी आणखी चार बोटं लांब झाली असती.